माळ घातलेला फोटो

दुबईत सिलिकॉन ओएसिस भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये मेक्सिकोच्या ओहाका भागातली एक बाई राहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिच्याकडे पितरांचा सण असतो. आपल्याकडे पितर म्हटलं की चेहरे लांब होतात. तिचं घर मात्र सजतं. गेलेली माणसं त्या दिवशी घरी जेवायला येतात, म्हणून टेबलावर त्यांचे फोटो, काळ्या मातीच्या वाडग्यांत मिरच्या आणि कोको वाटून केलेली मोले नावाची दाट आमटी, मक्याच्या पातळ भाकऱ्या, वर रंगीत कागद कातरून केलेली तोरणं. आणि झेंडू हवाच. या वर्षी दिवाळीतला माझा झेंडू उरला होता, त्याची माळ मीच तिला ओवून दिली.

नेमकी त्याच दिवशी पुण्यात आईची बायपास होती. "झालं की मी फोन करतो, तू करू नकोस," दादाने बजावलं होतं. सकाळपासून जीव टांगणीला लागलेला. दुपारी खेळायला गेलेल्या मुलीला आणायला समोर गेले, तर टेबलावर शेजारणीच्या आजोबांच्या बाजूला माझी आई. आमच्या फ्रिजवरचा फोटो, आणि त्याला मी ओवलेली माळ.

मी काही देवभोळी नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं इतरांना ऐकवणारी आहे. पण फोटोला हार म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. घाईघाईने काढताना माळ तुटली, आणि मग त्याचीही भीती वाटली.

"माय मदर इज अलाइव्ह," मी म्हणाले. "आत्ता ऑपरेशन चाललंय तिचं," हे मात्र मराठीतच निघालं. शेजारणीला कळायचं ते कळलं. ती पांढरीफटक पडली. तिच्याकडेही जिवंत माणसाला तिथे बसवत नाहीत. मुलीने फोटो आणून दिला तेव्हा आजी हयात नाही असंच शेजारीण समजली होती. आईपुढची वाटी तिने उचलली आणि कुठे ठेवावी ते न सुचून तशीच हातात धरून उभी राहिली.

मुलीला खडसावून विचारलं, तर म्हणते, "मम्मा, आंटी सेड इट्स फॉर पीपल हू कान्ट कम. आजी कान्ट कम."

आई दुबईला कधीच आली नव्हती. पुढच्या हिवाळ्यात बोलावू, असं आमचं दरवर्षी चालायचं.

फोन येईपर्यंत शेजारीण आणि मी सोफ्यावर बसून होतो. मन चिंती ते वैरी न चिंती. दादाला काय विचारायचं, विमान कितीचं मिळेल, सगळं मनात होऊन गेलं. फोन वाजला तेव्हा उचलायचा धीर होईना. शेवटी शेजारणीने तो माझ्या कानाला लावला. "झालं गं," दादा म्हणाला. "नीट झालं." मी तिथेच हमसाहमशी रडले.

आठवड्याने आई व्हिडिओ कॉलवर आली, तेव्हा मुलीने सगळं भडाभडा सांगून टाकलं. मी तिला थांबवू पाहिलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं केलंस हो राणी," ती खोल आवाजात म्हणाली. "तुमच्या घरातून कुणीतरी बोलावलं मला."