मिरजगावच्या चुलीवर माझं इपॉक्सी

आता कुठल्या तोंडानं सांगू! अजून आठवलं की कान लाल होतात. माझी अब्रू मी स्वतःच्या हातानं जाळली, तीही मुलगी बघायला गेलो असताना!

दुष्काळाचं साल. मी केडगावच्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. विजेच्या स्विचांसाठी इपॉक्सी रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं प्लॅस्टिकसारखं रसायन, साच्यात ओतायचं, आणि ते पेटू नये म्हणून त्यात कसल्याकसल्या पांढऱ्या पावडरी मिसळून बघायच्या, हे माझं काम. सहा महिन्यांनी जमलं एकदाचं! ज्योत बाजूला केली की रेझिनची चकती आपोआप विझायची. मी असा फुगलो म्हणून सांगू!

ती भाकरीएवढी चकती पिशवीत घालूनच मी मिरजगावला गेलो. मुलगी, म्हणजे सुमन, मला फोटोतच पसंत होती. हीच हवी, दुसरी नको! पण तिच्या घरच्यांनी मला पसंत करायला नको का?

"काय काम करता, पाव्हणं?" तिच्या वडलांनी विचारलं.

झालं! मी चकती काढली. "हिला आग लागतच नाही!"

अहो, 'ज्योत काढली की विझते' एवढंच म्हणायचं होतं. पण सुमन दाराआडून ऐकत होती ना!

"लागतच न्हाई?" तिच्या आत्यानं चकती उचलली. "मंग ह्यो तर तवाच हाय की!"

मी तोंड उघडेपर्यंत चकती चुलीवर, आणि तिच्यावर मिलोची, रेशनवरच्या त्या लाल परदेशी ज्वारीची, भाकरी! आता नको कसं म्हणणार?

मिनिटभर सगळं ठीक. मग जो काळा धूर निघाला, बाप रे! भाकरी चिकटली, चकती पेटली. वडील खोकत अंगणात, आमचे मध्यस्थ मामा धोतर सावरत त्यांच्या मागं. दुष्काळात मी त्यांची भाकरी जाळली!

"आग काढा! आग काढली की विझते!" मी बोंबलतोय.

शेवटी सुमननंच चिमट्यानं चकती ओढून अंगणात टाकली. आणि खरंच विझली!

"बघा!" मी टाळीच वाजवली. "सहा महिन्यांचं काम आहे हे!"

सुमननं डोळे पुसले, माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

"चुलीतनं भाईर वढलं की आमचं जळणबी इझतंय. मंग तुमी सा महिनं केलं काय?"

पंधरा दिवसांनी चक्क होकार आला! मामा म्हणाले, "पोरगी म्हनती, मी एवढं बोलले तरी उलटून बोलला न्हाई, संसाराला बरा हाय."

उलटून काय बोलणार, कप्पाळ? मला उत्तरच येत नव्हतं!