सातवं गाणं

दळण आणायला परळला पिठाच्या गिरणीत गेले होते. गरम तांदळाच्या पिठाचा वास आला आणि आईचे पिठाने माखलेले हात आठवले.

लालबागच्या आमच्या खोलीत आई गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. माझी धाकटी बहीण सुमी नऊ वर्षांची होती. टीव्हीवरच्या मुलांच्या संगीत परीकथेत ती परी झाली होती आणि तिला एक गाणं होतं. चित्रीकरणात ते सातवं घेतलं, म्हणून गाण्यांचा क्रम लिहून ठेवलेल्या माझ्या कागदावरही ते सातवंच होतं. त्या रविवारी सगळी चाळ तळमजल्यावरच्या मालतीकाकूंकडे जमली. "तू भाकऱ्या उरक, मी बोलवते," असं मी आईला सांगून आले होते.

पहिलंच गाणं सुमीचं निघालं. दारात उभी होते, तिचा आवाज ऐकताच मी तीन मजले वर धावले. आम्ही खाली आलो तेव्हा पडद्यावर राजवाडा होता.

"सरला गो तिचा गाणा," काकू म्हणाल्या.

"परत दाखवतील, आई," सुमी म्हणाली.

परत दाखवलं नाही. पुढच्याच वर्षी काविळीने सुमी गेली.

नंतर आई अधूनमधून विचारायची, "कशी दिसत होती गं?" मी सांगायचे, चंदेरी पंख होते, हसताना पडलेला दात दिसत होता. मी काहीच पाहिलं नव्हतं, हे आईला ठाऊक होतं. तिला बोलवायला मीच तर गेले होते. तरी ती शेवटपर्यंत विचारत राहिली आणि मी सांगत राहिले.