मंगलचा चमचा

तो फोटो फॉरवर्ड करणं बंद करा.

कांबळेबाई गेल्या त्या सकाळपासून सगळ्या ग्रुपवर तोच फिरतोय. संस्थेनंच टाकलाय. हार घातलेले पाहुणे एका मुलीला शिरा भरवताहेत, मुलीनं आ केलाय आणि मागं दारात बाई उभ्या आहेत. खाली लिहिलंय, 'सेवेची मूर्ती हरपली'.

बाईंचा चेहरा जरा झूम करून बघा. कसली मूर्ती? ती संतापलेली बाई आहे.

त्या संतापाचं कारण मी आहे. फोटोच्या कडेला चमचा धरलेला अर्धा हात दिसतो ना, तो माझा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी विशेष शिक्षणाचा डिप्लोमा करत होते. कोल्हापुरातल्या त्या निवासी शाळेत ट्रेनी म्हणून लागले. तेव्हा मतिमंद मुलांची शाळा म्हणायचे. बाई उचगावहून सायकलनं यायच्या. कागदावर त्या 'काळजीवाहक'. लेक्चर देणारे वेगळे होते, त्यांची नावंसुद्धा आता आठवत नाहीत. काम शिकवलं ते बाईंनी.

पहिल्याच दिवशी दारात अडवलं.

"चप्पल भाईर काढलीस न्हवं? दयाबी तिथंच काढ. आत तिचं काय काम न्हाय."

जेवणाच्या वेळी त्यांचा एकच नियम. ट्रेनीनं मुलासमोर बसायचं, हात मागं बांधून. मूल सांडू दे, चिडू दे, तास लागू दे.

"हात सुटला की पोर कामातनं गेलं म्हण."

मला मंगल दिली. बारा वर्षांची, कागलची. हातांवर ताबा कमी, बोलणं दोन-चार शब्दांचं. पकड यावी म्हणून बाईंनी तिच्या चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. मी यायच्या आधी आठ महिने त्या तिच्यासमोर बसल्या होत्या. चमचा नुकताच तोंडापर्यंत पोचायला लागला होता.

मंगलची आई भेटायला आली की एकच विचारायची.

"मी हाय तवर भरवीन की, बाई. माझ्या माघारी कोण? सुना काय घास भरवत बसणार हाईत व्हय?"

"तुझ्या माघारी ती खाईल," बाई म्हणायच्या. "तिच्या हातानं."

मग फोटोतल्या त्या पाहुण्यांचा वाढदिवस आला.

आमच्या संस्थांमधला हा लाडका रिवाज. वाढदिवस असो, श्राद्ध असो, शिऱ्याचं पातेलं घेऊन यायचं. मुलांना हात जोडून रांगेत बसवायचं. एकाला भरवायचं आणि फोटो काढायचा. बाईंनी सेक्रेटरींना बजावलं होतं, पाहुण्यांना मुलांच्या पंगतीला बसवा, भरवू देऊ नका.

त्या दिवशी बाई स्वयंपाकघरात होत्या. मंगल तिच्या गतीनं चमचा उचलत होती. पाहुणे घड्याळ बघत होते. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघून डोळे वटारले.

मी घाबरले. मंगलच्या हातातून चमचा काढून घेतला. पाहुण्यांनी तिला घास भरवला.

बाई दारात आल्या आणि तेवढ्यात फ्लॅश पडला.

त्या तडक सेक्रेटरींच्या केबिनमध्ये जाऊन भांडल्या.

दुसऱ्या दिवशी मंगल ताटासमोर आ करून बसली. चमचा हातात दिला की टाकून द्यायची. कुणीतरी भरवेल म्हणून वाट बघायची. असे पंधरा दिवस गेले. शेवटी मी बाईंसमोर रडले. वाटलं, जवळ घेतील.

"रडू नगंस. तू तिला खायाला घातलं न्हाईस पोरी, तिचं आठ म्हैनं खाल्लंस. आता बस तिच्याम्होरं. हात मागं बांध."

चार महिने बसले. मंगल किंचाळायची, ताट ढकलायची, आमटी माझ्या ड्रेसवर. मग एका दुपारी तिनं चमचा उचलला आणि तोंडात घातला. मी बाथरूममध्ये जाऊन पुन्हा रडले. ते मात्र बाईंना सांगितलं नाही.

भांडल्याबद्दल बाईंना मेमो मिळाला. वर्षभर मुलांपासून लांब, धुण्याभांड्याला लावलं. दहावी शिकलेली बाई पाहुण्यांना नियम सांगते म्हणजे काय! दोन हजारच्या दशकात निवृत्त झाल्या, तेव्हाही काळजीवाहकच. निरोप समारंभात तोच फोटो फ्रेम करून हातात दिला. बाई तो ऑफिसच्या टेबलावर ठेवून घरी गेल्या.

आणि आज तोच फोटो.

नवीन मुलं मला मेसेज करतात. 'मॅडम, या फील्डमध्ये यायचंय, सेवेची आवड आहे, टिप्स द्या.' आवड घरी ठेवून या रे. हे काम आहे. ते शिकावं लागतं, आणि तुम्ही चुकलात तर महिने दुसऱ्याचे जातात. नीट शिका. नीट पगार मागा, हुद्दा मागा, बाईंना कधी मिळाला नाही तो. आणि कुणी कितीही डोळे वटारले तरी मुलाच्या हातातला चमचा काढू नका. मी काढला होता.

काल उचगावला बाईंचं पुण्यानुमोदन झालं, वंदना झाली, मग जेवणाच्या पंगती बसल्या. मंगलचा भाऊ तिला घेऊन आला होता. आई जाऊन चार वर्षं झाली. मंगल आता चाळिशीला आली. पंगतीत बसल्यावर भावानं पिशवीतून चमचा काढून दिला. दांड्याला ट्यूब, नव्यानं गुंडाळलेली.

शेजारी संस्थेची एक ट्रेनी बसली होती. चांगली पोरगी. डोळ्यांत पाणी आणून तिनं भाताचा घास उचलला आणि मंगलच्या तोंडाजवळ नेला.

मंगलनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"हात मागं," मी म्हणाले.

पोरगी गोंधळली, पण तिनं घेतले. मीही घेतले.

दुसरी पंगत बसली, उठली. मंगल जेवत होती. निम्मा भात सतरंजीवर सांडला. सगळं संपल्यावर तिनं ताट भावाकडे सरकवलं.

"वाढ," म्हणाली.

बाई, तिची आई गेली आणि ती जेवते. तिच्या हातानं.

जय भीम, बाई. या आता.