मानाच्या साडीची बाकी

मी एका खासगी दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर बसते. समोरचा माणूस "कार्ड चालत नाहीये" म्हणाला, की कार्ड बंद पडलंय की माणूस बनवतोय, हे मला ओळखावं लागतं. त्यामुळे एका रविवारी सकाळी सिडकोतल्या आमच्या दारात एक अनोळखी इसम उभा राहून गोड हसला, तेव्हा मी जाळीचं दार उघडलं नाही.

"ताई, तुमचं माहेर फुलंब्रीचं ना? तुमच्या लग्नाचा बस्ता आमच्या दुकानातून झाला होता, गुलमंडीत. त्याची बाकी राहिली होती."

माझ्या लग्नाला वीसेक वर्षं झाली. मुलगी कॉलेजात जाते. आणि हा बाबा बस्त्याची बाकी सांगत आला होता.

"किती बाकी?" मी विचारलं.

"ते बघू हो नंतर. आई घरात आहेत का?"

इथंच माझा संशय पक्का झाला. ज्याला पैसे हवेत तो आधी आकडा सांगतो. जो सांगत नाही, त्याला त्याहून जास्त काहीतरी हवं असतं. हल्ली लोक फोनवरून पार्सल अडकलंय म्हणून लुबाडतात, हा तर पत्ता काढून दारात आला होता. "पुढच्या रविवारी या," म्हणून मी त्याला वाटेला लावलं. मागं वळले, तर हॉलमध्ये शेंगा फोडत बसलेली आई स्वयंपाकघरात निघून गेली होती. शेंगा तशाच.

बाकी होती, हे मात्र खोटं नव्हतं. आमच्या बस्त्याला दोन जीप भरून माणसं गेली होती आणि दुकानदारानं सगळ्यांना जेवू घातलं होतं. अर्धे पैसे रोख, अर्धे लग्नानंतर, असं ठरलं. पण लग्नानंतर वडिलांनी बाकी दिलीच नाही. सासूबाईंच्या मानाच्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला, दुकानदारानं फसवलं, असं ते म्हणाले. घरात म्हणाले, पारावर म्हणाले, सोयऱ्याधायऱ्यांत म्हणाले. आमच्याकडचे बस्ते त्या दुकानात जायचे बंद झाले. आता वडीलही नाहीत आणि सासूबाईही नाहीत.

माझा मावसभाऊ वकील आहे. त्याला फोन केला.

"तीन वर्षांत दावा लावायचा असतो, तो त्यांनी लावला नाही. आता कोर्ट काय त्याला उभं करणार नाही. आणि देणं काकांचं होतं, तुझं नाही. फक्त एक कर, काही लिहून देऊ नको. 'देते' म्हणून सही केलीस की मेलेलं देणं उठून बसतं."

"आणि मनाला टोचत असेल तर?"

"तर रोख दे, पावती घे, हात जोड. पण मला विचारशील तर देऊ नको."

कायद्याचं झालं. माझं काही होईना. पैसे दिले तर वडील खोटे ठरतात, नाही दिले तर बुडवे. फुलंब्रीत अजूनही त्यांचं नाव आदरानं घेतात, आणि ते नाव असं माझ्या हातात आलेलं मला मुळीच आवडलं नाही.

त्यातच एक वाईट विचार डोक्यात शिरला. माझ्या सासूबाई जिभेच्या तिखट. माहेरहून आलेल्या लाडवात एकदा तूप कमी पडलं, तर ते त्यांनी मला दर दिवाळीला ऐकवलं. मानाच्या साडीचा रंग गेला असता तर त्यांनी मला सुखानं भाकरी खाऊ दिली असती का? पण त्या साडीबद्दल त्यांनी कधी एक अक्षर काढलं नव्हतं. इतकी वर्षं मला हे कसं सुचलं नाही, कोण जाणे. आता सुचलं आणि जाईना. जगावर संशय घेता घेता मी बापावर येऊन पोचले होते.

आईला विचारलं, "त्या साडीचा रंग खरंच गेला होता का गं?"

"गेलेल्या माणसाच्या मागं काय लागली? मेथी निवड."

वडील गेल्यापासून आई माझ्याकडंच असते. कितीदा म्हटलं, तरी ती गुलमंडीत पाय ठेवत नाही. "तिथं लई गर्दी ऱ्हाती," म्हणते. क्रांती चौकातली गर्दी तिला चालते.

पुढच्या रविवारी तो आला. देऊन मोकळं व्हायचं ठरवून मी अंदाजानं भरलेलं पैशांचं पाकीट टीपॉयवर ठेवलं, शेजारी पावतीचा कागद. त्यानं दोन्हीला हात लावला नाही.

"पैसे नकोत, ताई. दुकान बंद केलं आम्ही. माझे वडील, बाबूजी, अंथरुणावर आहेत. एकच विचारत राहतात, फुलंब्रीवाल्यांना मी खराब माल दिला होता का? तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की साडी चांगली होती. त्यांना वाचून दाखवतो."

म्हटलं, आला हा मुद्द्यावर! आता माझ्याकडून लिहून घेणार आणि उद्या व्याजासकट वसूल करणार. पण खरं सांगायचं तर कायद्याची भीती ही नुसती ढाल होती. बापाला खोटं ठरवणारी ओळ मला माझ्या हातानं लिहायची नव्हती.

"मला त्यातलं काही माहीत नाही," मी म्हणाले.

तो उठला. चप्पल घालायला वाकला, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई बोलली, "लिहायचं काय त्यात? लाव तुझ्या बापाला फोन."

त्यानं फोन लावून स्पीकर चालू केला. आईनं डोक्यावर पदर घेतला आणि फोन दोन्ही हातांत धरला.

"शेठ, मी फुलंब्रीची. वळखलं का? साडी चांगली व्हती. रंगबिंग काय गेला नव्हता. आमच्याकडं पैसं नव्हतं, अन् तसं सांगायची ह्यांना लाज वाटली."

आईनं हे वीस वर्षं पोटात ठेवलं होतं. मला वडिलांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांची कीवही आली. पलीकडून म्हातारा खोकला आणि सावकाश म्हणाला, "बरं झालं बोललात, वहिनी. पोरगी सुखात आहे ना?"

आईनं फोन माझ्या हातात दिला. ज्या माणसाला आमच्या घरानं इतकी वर्षं लबाड म्हटलं, त्याला मी "हो, बाबूजी," म्हणाले आणि मला रडू आवरेना.