भुरीच्या शेपटीचं ऑपरेशन

डॉक्टरांनी चिमट्यानं भुरीच्या शेपटीचं टोक दाबलं. भुरी समोरच्या भिंतीकडे पाहत बसून राहिली. त्यांनी शेपटी मध्यावर दाबली, मग आणखी वर. मांजर हललं नाही.

"स्पर्श लेदू," त्या म्हणाल्या. म्हणजे स्पर्श कळत नाही.

आईला तेलुगू येत नाही, पण 'स्पर्श' हा शब्द तिला कळला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं.

भुरी बाबांची मांजर. नार्नूरच्या पुढं आमचं गाव आहे, तिथं ती त्यांच्या पायाशी निजायची. भादव्यात बाबा गेले. मग मी आईला उटनूरला माझ्याकडे आणलं आणि आईनं भुरीला टोपलीत घालून सोबत घेतलं. मी इथल्या शाळेत गणित शिकवते, एकटीच राहते. बाबा गेल्यापासून मला काही वाटत नव्हतं. तेरवी झाली, सुटी संपली, मी वर्गात उभी राहिले. लोकांना वाटलं, धीराची आहे. तसं काही नव्हतं.

उटनूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला आदिलाबादला पाठवलं होतं. बैलांचं, शेळ्यांचं आम्ही पाहतो, मांजराचा एक्स-रे तिकडं काढा, म्हणाले. इंद्रवेल्लीवरून बसनं गेलो. आईनं टोपली मांडीवर घेतली होती. टोपलीखालचं फडकं ओलं होत होतं. मला वाटलं, घाबरून मुतते आहे.

तसं नव्हतं. मूत्राशय भरून गच्च झालं होतं आणि वरचं थेंब थेंब बाहेर येत होतं. डॉक्टरांनी माझा हात धरून भुरीच्या पोटाला लावला. आत संत्र्याएवढं काहीतरी टणक लागलं.

याला टेल पुल इंज्युरी म्हणतात. शेपटीला जोराचा हिसका बसला की शेपटीच्या मुळाशी मणके सुटतात आणि तिथल्या नसा ताणल्या जातात, कधी तुटतात. त्यांच्याच शेजारच्या नसा लघवी आणि संडास सांभाळतात. म्हणून शेपूट लोंबकळणारं मांजर दिसलं तर आधी ते मुततं की नाही ते पाहा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "कधी?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "बाहेरून आली ती अशीच. काल-परवा."

हे खोटं होतं.

सोमवारी सकाळी मी शाळेला निघाले. आमच्या मागच्या लोखंडी दाराला जोर लावावा लागतो. आई आतून "दोन घास खाऊन जाय" म्हणत होती. मी दार ओढलं, ते बसलं नाही. मी आणखी जोरानं ओढलं. भुरी ओरडली, हिसका देऊन सुटली आणि आत पळाली. दाराच्या खडखडाटात आईला ते कळलं नाही. दाराच्या कडेला करडे केस चिकटले होते. मी ते रुमालानं पुसले. दार लावलं. शाळेत जाऊन चार तास घेतले. सातवीला अपूर्णांक शिकवले, अजून आठवतं.

संध्याकाळी आई म्हणाली, "भुरी खाटेखालून निंगून नाई राह्यली." मी म्हणाले, पाहू सकाळी.

काऊन सांगितलं नाही, असं आता मलाच विचारते. सांगितलं असतं तर कोणी ना कोणी विचारलं असतं की तुला वाईट वाटलं नाही का. आणि मला वाटलं नव्हतं.

गाडीखाली आली असावी म्हणून डॉक्टरांनी छातीचा, कंबरेचा, मांड्यांचा असे जास्तीचे एक्स-रे काढले. त्यात दुपार गेली. शेजारी एक माणूस कुत्र्याला मांडीवर घेऊन बसला होता. आईनं पिशवीतून भाकर काढली आणि नुसती हातात धरून ठेवली.

एक्स-रेमध्ये बाकी सगळं ठीक होतं. शेपटीचा पहिला मणका जागेवर नव्हता.

"टीचरगारू," डॉक्टर मानाचा 'गारू' लावत तेलुगूत म्हणाल्या, "शेपटी गेली असं समजा. ती काढू. लोंबत राहिली तर घाण लागेल, कुठं तरी अडकेल, नसा आणखी ओढल्या जातील. शेपटीविना मांजर छान जगतं. मला काळजी लघवीची आहे. मुळाशी दाबलं तेव्हा ती गुरगुरली, तेवढी आशा आहे. एक महिना थांबू. महिन्यात ती स्वतः मुतली नाही, तर तिला शांतपणे झोपवणंच बरं."

"काय म्हनते डाक्टरीन?" आईनं विचारलं.

"शेपटी काढावी लागेल. मग महिनाभर वाट पाहायची."

"अन् महिन्यानं?"

"मग पाहू," मी म्हणाले.

शनिवारी ऑपरेशन झालं. याला टेल अँप्युटेशन म्हणतात, म्हणजे शेपटी मुळाजवळून काढून वर कातडी शिवतात. आदल्या रात्रीपासून खायला द्यायचं नव्हतं. पूर्ण भूल दिली. तासाभरानं भुरीला बाहेर आणलं तेव्हा तिची जीभ बाहेर होती आणि मागं केस काढलेल्या कातडीवर सात टाके होते. गळ्यात प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा, टाके चाटू नये म्हणून. आईनं तिला पदरात घेतलं आणि "लहान झाली ना व माय," एवढंच म्हणाली.

आईच्या पिशवीत तापाची गोळी होती, तिचा पाव तुकडा ती भुरीला द्यायला निघाली होती. डॉक्टर धावतच आल्या. माणसाची तापाची गोळी मांजराला विष आहे, इतकीशी असली तरी. हे वाचणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. मॅन्युअल एक्स्प्रेशन, म्हणजे मूत्राशय हातानं दाबून रिकामं करणं. दिवसातून तीनदा. आई भुरीचं डोकं धरायची. मी पोटाखालून हात घालून तो टणक गोळा शोधायची आणि हळूहळू मागं दाबायची. जोर जास्त झाला तर आत फाटू शकतं. कमी झाला तर लघवी आत राहून सडते. पहिले दोन दिवस एक थेंब आला नाही, पुन्हा बस धरावी लागली, डॉक्टरांनी पुन्हा हात धरून शिकवलं. मग जमलं. सकाळी शाळेआधी, दुपारच्या सुटीत घरी पळत येऊन, आणि दिवेलागणीला. मी वहीत वेळ लिहायची. कसलीही भावना नव्हती. हात धुवायचे, पुन्हा शाळा.

ऑपरेशनला नऊ दिवस झाले, त्या दुपारी आई अचानक बोलायला लागली.

"माह्याच चुकीनं झालं हे."

"काय?"

"तिले गावातच ठेवाले पायजे होती. इथं आनली अन् म्या खिडकी उघडी ठेवली. रस्त्यावर गेली असंन, गाडीखाली आली असंन. तुह्या बाबानं एवढी जपली. मले चार महिने सांभाळता नाई आली."

तिचा हात भुरीच्या कपाळावर होता आणि आवाज अगदी सरळ होता. मला तेव्हा समजलं की इतके दिवस ती हेच मनात घेऊन बसली होती. मी गप्प होते म्हणून.

"गाडी नव्हती, आई," मी म्हणाले. "मागचं दार होतं. मी ओढलं."

"कवा?"

"सोमवारी सकाळी."

तिनं थोडा वेळ हिशेब केला.

"मंग शाळेत गेली तू?"

"हो."

मग मी राहिलेलंही सांगितलं. महिन्यानंतर डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते, जसंच्या तसं. आईनं भुरीला खाली ठेवलं आणि ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

संध्याकाळी मी आले तर ती भुरीला फडक्यावर घेऊन तयार बसली होती. "धर," म्हणाली. पुढं तीन-चार दिवस आमच्यात तेवढाच शब्द होता. दिवसातून तीनदा, "धर."

टाके काढायला गेलो तेव्हा मी आईच्या देखत डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी कागदावरचं काहीतरी खोडलं. "त्या दिवशी सांगितलं असतं तर लगेच कमरेखालीच पाहिलं असतं," म्हणाल्या. मी आईला ते सगळं मराठीत सांगितलं, काही न गाळता.

ऑपरेशनपासून एकोणिसाव्या दिवशी दुपारी मी धावत घरी आले. आई मागच्या ओट्यावर उन्हात बसली होती. फडकं नव्हतं. भुरी पलीकडे जमीन हुंगत होती.

"आज दाबाचं काम नाई," आई म्हणाली. "मुतली. माह्या मांडीवर."

तिचं लुगडं गुडघ्यापासून खाली ओलं होतं. वास येत होता.

"कधी?"

"तू गेली अन् थोड्या वेळानं."

म्हणजे तीन तास झाले होते.

"बदललं काऊन नाई मग?"

"तुले दिसाले नको?" ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसले. त्या दिवशी शाळेत मी पहिल्यांदा उशिरा गेले.

पुढं आणखी आठवडाभर दाबून पाहावं लागलं, कारण ती पुरती रिकामी होत नव्हती. एकदा लघवीत जंतू झाले, औषध चाललं. आता भुरी बरी आहे. उडी मारताना सुरुवातीला चुकायची, आता चुकत नाही. मी बरी झाले असं मात्र म्हणणार नाही. बाबांचं अजून मला नीट काही कळत नाही. पण आई आणि मी संध्याकाळी त्यांच्याबद्दल बोलतो, आणि आई बोलत असताना मी उठून जात नाही.

त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. त्यांनी दोनदा माझा हात धरून शिकवलं आणि एकदाही ओरडल्या नाहीत.

तुमच्याकडे अशी वेळ आली तर घाबरू नका, शेपटीविना जनावर मजेत जगतं. लघवीवर लक्ष ठेवा. आणि डॉक्टर विचारतील, कसं झालं, तेव्हा जे झालं तेच सांगा. घरात कोणी तरी दुसरं माणूस ते स्वतःवर घेऊन बसलेलं असतं.