सदाची रेघ

रंगाच्या डब्याच्या काठाला रंग साचतो ना, तसे किस्से साचत जातात. कुणी मुद्दाम साठवत नाही. सांगलीत सुरेशच्या दुकानात आम्ही पाट्या रंगवायचो, मी आणि सदा. नव्वदनंतर तिथं कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला आष्ट्याची वासंती. त्याच सुमारास सदाचा हात थरथर कापायला लागला. गल्लीतल्या निम्म्या लग्नघरांच्या दाराशी सदाने गणपती काढला होता. आता त्याच्याच लेकीचं, शकूचं लग्न ठरलं होतं, आणि ब्रश सरळ चालेना.

एकदा हळदीच्या व्यापाऱ्याचं नाव होतं. लाल अक्षराला पिवळी कड. आम्हाला त्या कडेला दुपार लागायची. वासंतीने एक बटण दाबलं, सगळ्या अक्षरांना कड!

सदाने पडद्याला बोट लावून बघितलं. मग हळूच म्हणाला, "वाळायला किती येळ लागंल?"

एका गुळाच्या अडत्याने दुकानाची पाटी करून घेतली आणि तीच लहान करून कार्डावर मागितली. अक्षरं लहान झाली, पण त्यांची कड होती तेवढीच जाड राहिली. नाव काळंकुट्ट बुजून गेलं. अडत्याने कार्ड उजेडात धरलं.

"पोरी, ह्ये माजं नाव हाय, का गुळाच्या काहिलीचं करपल्यालं बूड?"

कराडचे एक गृहस्थ बायकोच्या दहाव्याचं कार्ड करायला आले. वासंतीने भोवती चौकट घातली. पडद्यावर दिसत होती, पण इतकी बारीक, की कागदावर उमटलीच नाही. ती ओशाळली, पुन्हा काढून देते म्हणाली.

त्यांनी कागद घडी न घालता हातात घेतला. "ऱ्हाऊ दे. तिला कोंडल्यालं सोसायचं न्हाई."



लग्न जवळ आलं तसा सदा वासंतीच्या शेजारी बसायला लागला. तिने त्याच्या हाती माऊस दिला. इथं एक ठिपका, तिथं एक ठिपका, मधली रेघ यंत्रच ओढणार. हात कितीही कापो, गणपतीच्या सोंडेचं वळण लोण्यासारखं आलं. सुरेशने चहा मागवला. मला तर भरून आलं.

सदा मात्र म्हणाला, "झ्याक हाय. पर ह्यो माज्या हातचा न्हाई. पोरी, ह्या रेघंला जरा कापीव, माज्या हातावानी."

"आवं काका, चांगली रेघ कशापायी बिघडवायची?"

"माज्या शकूच्या दाराशी हाय त्यो."

मग वासंतीने त्या रेघेवर जागोजागी ठिपके वाढवले. सदाने आपला हात टेबलावर नुसता ठेवला. त्याकडे बघत बघत तिने एकेक ठिपका जरासा हलवला. डोळे पुसायला ती दोनदा उठली.

छापलेले कागद जोडून आम्ही तो गणपती दाराशेजारी डिंकाने चिकटवला. हळद लागलेली शकू बाहेर आली. तिने सोंडेवरून सावकाश बोट फिरवलं. जिथं रेघ थरथरली होती, तिथं तिथं बोट थांबत गेलं. सदाने हात पाठीमागे नेला.

"आप्पा," ती म्हणाली, "लय दुखला आसंल न्हवं हात?"