माझी गोष्ट आईनंच छापू दिली नाही

मंडळी, आज सकाळी कराडला आईला सांगितलं, "मी ब्लॉग सुरू केलाय."

चहा गाळता गाळता ती सहज म्हणाली, "तुझी ती बारावीतली गोष्ट मासिकानं घेतली होती गं. त्यांचं पत्र आलं तेव्हा तू कॉलेजात होतीस. मीच तुझ्या नावानं कळवलं, छापू नका म्हणून."

नव्वदच्या दशकात आमच्या घरी जेवतानाही प्रत्येकाच्या ताटाशेजारी पुस्तक असायचं. लिहायला आईनंच शिकवलं. वाक्य लहान ठेव, मोठ्यानं वाचून बघ, डोळ्यांनी पाहिलंय तेच लिही. नव्यानं ब्लॉग लिहिणाऱ्यांना मीही हेच सांगेन. त्या गोष्टीत मी पाहिलेलंच लिहिलं होतं, आई-बाबांमधला अबोला. उत्तर आलं नाही, तेव्हा आपल्याला जमत नाही असं समजून लिहिणंच सोडलं. पंचवीस वर्षं!

"का केलंस असं?"

"सगळ्या कराडनं वाचलं असतं."

"निदान मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर तू परत असंच घरातलं लिहिलं असतंस."

चहा तसाच ठेवून मी साताऱ्याला निघून आले. आल्या आल्या ती गोष्ट आठवेल तशी लिहून ब्लॉगवर टाकली, आईला न विचारता.

तिनं माझ्याशी केलं, तेच मी तिच्याशी केलं का? खरं सांगा.